रीप आणि अस्तर

साहित्याच्या विद्यार्थ्याला इंग्लंडमधील कालव्यांची ओळख झालीच तर ती बहुधा एल. टी. सी. रोल्ट यांच्या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'नॅरो बोट' या पुस्तकातून होते. १९३९ मध्ये रोल्ट आणि त्यांची पत्नी बॅनबरीहून 'क्रेसी' नावाच्या बोटीतून निघाले. ती बोट हेच त्यांचे घर होते. क्रेसी लाकडाची होती. त्यामुळे या लेखात ज्या प्रश्नाची चर्चा करायची आहे तो रोल्ट यांच्यापुढे उभाच राहिला नाही. लाकडाची भिंत स्वतःच थंडी अडवते. आज या कालव्यांवर ज्या बोटी बांधल्या जातात त्या पोलादाच्या असतात: तळाला १० मिलिमीटर जाडीचा पत्रा, बाजूंना ६, वरच्या खोलीच्या भिंतींना ५ आणि छताला ४. रुंदी सहा फूट दहा इंच, कारण कालव्यांवरचे जुने अरुंद दरवाजे सात फुटांचे. आम्ही दोघांनी कायमचे राहण्यासाठी घेतलेली सत्तावन्न फुटी बोट आमच्या हाती आली तेव्हा ती अशीच, नुसत्या पत्र्याची पेटी होती. तिच्या आत थंडी अडवणारा थर भरायचा आणि वर लाकडी अस्तर लावायचे. अस्तर पत्र्याला थेट लावता येत नाही. मध्ये पट्ट्या लागतात. त्या कशाच्या असाव्यात, यावर आमच्या घरात (म्हणजे जे अजून घर झाले नव्हते त्यात) तीन आठवडे वाद झाला.

या पट्टीला इंग्रजीत 'बॅटन' म्हणतात. मला मात्र पहिल्या दिवसापासून 'रीप' हाच शब्द सुचत होता. कोकणातल्या कौलारू घरात वाशांवर आडव्या ठोकलेल्या रिपा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गंमत अशी की १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात 'रीपर' अशी नोंद आहे. अर्थ दिल्यावर कोशकार सांगतात की हा शब्द त्यांना हिंदुस्थानी कोशांत आढळला नाही. मराठी कोशात मात्र 'रीप' मिळाला. तेव्हा इंग्लंडातल्या गोदीत उभे राहून रीप म्हणण्यात मला काही गैर वाटले नाही. परंतु शब्द तोच असला तरी काम उलटे आहे. कोकणातली रीप कौलांच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्यात राहते, पावसाळ्यात भिजते आणि दिवाळीपर्यंत सुकते. बोटीतली रीप एकदा बंद झाली की पुढची तीस वर्षे तिला वारा लागत नाही. भिजली तर ती भिजलेलीच राहते.

आणि भिजण्याची सोय भरपूर असते. वीस अंश तापमानाच्या, साठ टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ सुमारे बारा अंशांना दव होऊन बसते. हिवाळ्यात छताचा पत्रा शून्याच्या आसपास असतो. आत दोन माणसे श्वास घेतात, भात शिजतो, शेगडी पेटते. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येते. ती वाफ पत्र्यापर्यंत पोचली की पोलादाला घाम फुटतो आणि तो घाम अस्तरामागे, कुणाला न दिसता, वाहत राहतो. गोदीत आमच्या शेजारी एक जुनी बोट उघडली जात होती. अस्तर काढल्यावर काचतंतूंचा थर ओल्या घोंगडीसारखा खाली बसलेला दिसला. वरचा अर्धा पत्रा उघडा, गंजलेला. रिपा काळ्या, बोटाने दाबल्या तर दबणाऱ्या. बाहेरून ती बोट सुरेख होती. मालकीणबाई काही बोलत नव्हत्या, आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

माझ्या नवऱ्याचा कौल ओकला होता. टिकाऊ, भारदस्त, इंग्लंडच्या नौकांचे परंपरागत लाकूड. या युक्तिवादाला साहित्याच्या माणसाने तरी भुलू नये असे मला वाटते, कारण ओक आणि लोखंड यांचे नाते आपल्याला हस्तलिखितांतून ठाऊक असते. युरोपातली शतकानुशतकांची काळी शाई ओकच्या झाडावरच्या गाठी आणि लोहाचे क्षार यांचीच. तीच शाई पुढे कागद खात गेली. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांनी कापड काळे रंगवत, तीही हीच किमया. ओकमधले आम्ल ओल मिळताच लोखंडाला लागते. लाकडी नौका बांधणाऱ्यांना हे माहीत होते. ओकमध्ये खिळे झिजून सैल होण्याला ते खिळ्यांचा आजारच म्हणत. ओली भिंत आणि ओकची रीप म्हणजे पत्र्यावर शाई तयार करण्याचा उद्योग.

मग कुजू नये म्हणून औषध पाजलेले, हिरवट पाइन? त्यात तांबे असते. आर्सेनिक असलेले जुने मिश्रण घरगुती वापरातून गेल्यापासून जी औषधे आली त्यांत तांब्याचे प्रमाण अधिकच आहे, आणि ओलीत तांबे व पोलाद शेजारी आले की झिजते ते पोलाद. प्लास्टिकच्या पट्ट्या कुजत नाहीत हे खरे, पण उन्हाळ्यात छत तापते तेव्हा त्या पोलादापेक्षा कितीतरी अधिक लांबतात, आणि स्क्रू धरून ठेवण्यात लाकडाची बरोबरी करीत नाहीत.

राहिले साधे, भट्टीत वाळवलेले पाइन. त्याच्या बाजूने बोलणारे कुणी नव्हते; एक गोदीतला वृद्ध सुतार सोडला तर. तो एवढेच म्हणाला की रीप निवडताना ती कुजेल की नाही हे विचारू नका, ती कुजण्याइतकी ओल तिथे पोचू देऊ नका. आणि तरीही पोचलीच तर ती काढणाऱ्या माणसाचा विचार करा. पाइन हलके, स्वस्त, सहज कापता येणारे. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर त्याला बुरशी धरत नाही. उष्णता वाहून नेण्यात पोलाद त्याच्या जवळजवळ चारशे पट पुढे आहे. मात्र फवारलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या तुलनेत पाइन पाचपट उष्णता जाऊ देते, हेही विसरता येत नाही. म्हणजे प्रत्येक रीप ही थंडीची चोरवाट असते. रिपा जाड आणि पुष्कळ असाव्यात हा आमचा सुरुवातीचा हट्ट त्यामुळे गळून पडला. आवश्यक तेवढ्याच, आणि पत्र्याला न टेकता फासळ्यांवरच बसवलेल्या.

छताचा प्रश्न वेगळा होता. छताला बाक असतो आणि पाइनची पट्टी त्या बाकावर वाकवली की तडकते किंवा अस्तरालाच ओढत राहते. तिथे पातळ प्लायवूडच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून घेतल्या. प्लायवूड ओलीने फारसे फुगत-आकसत नाही. फक्त त्याच्या कडेत स्क्रू घालायचा नाही, थर उकलतात.

खरी बारकाई स्क्रूंची आहे. रीप फासळीला धरणारा स्क्रू पोलादात रुतलेला, म्हणून थंड असतो. अस्तर रिपेला धरणारा स्क्रू खोलीच्या बाजूचा. हे दोन एकमेकांना भिडले तर थंडी थेट अस्तरावर येते आणि दोन हिवाळ्यांत तिथे काळे ठिपके उमटतात. त्यामुळे पहिल्या रांगेची डोकी लाकडात खोल बसवली, दुसरी रांग बोटभर बाजूला ठेवली, आणि फासळी व रीप यांच्यामध्ये बंद छिद्रांच्या फोमची पातळ पट्टी दिली. अस्तर कुठेही चिकटवले नाही, सगळे स्क्रूवर.

फोम फवारणारी माणसे येण्याच्या आदल्या दिवशी नवऱ्याने मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीची छायाचित्रे काढली, म्हणजे पुढे स्क्रू मारताना रीप कुठे आहे ते सापडावे. मी शिसपेन्सिलीने रिपांवर क्रमांक घातले, अर्थात मराठीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुगलेला फोम करवतीने रिपांच्या बरोबरीने कापत गेलो तेव्हा ते आकडे एकेक करून वर आले. सतरा आणि एकोणीस यांच्यामधली अठरावी रीप मात्र फासळीपासून नखभर सुटलेली निघाली. ती काढून पुन्हा बसवायला रात्रीचे दहा वाजले.