तात्पुरत्याची तारीख

घराची कौले बदलली की चार माणसे माना उंचावून पाहतात. सांडपाण्याचा नळ बदलला तर तो कुणाच्या गावीही नसतो. म्हणूनच की काय, जुन्या घरात सर्वांत शेवटी पाळी येते ती या नळाची. आणि ती येईपर्यंत चिंध्या, तार, सायकलची ट्यूब, डांबर व एम-सील यांचे राज्य निर्वेधपणे चालते. या राज्याला हसणे सोपे आहे. परंतु वाचकहो, तात्पुरत्या दुरुस्तीचेही एक शास्त्र असते आणि त्या शास्त्राला एक नीती असते, असे मला वाटते.

इंद्रायणीकाठच्या देहूत काही काळ एका जुन्या वाड्याच्या माडीवर माझे बिऱ्हाड होते. खाली मालकांचे कुटुंब, पिढीजात वारकरी. त्यांना सारे 'अण्णा' म्हणत, मीही म्हणे. मी त्यांचा 'फादर'. तुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून प्रस्थान ठेवते. त्याआधीचे चार दिवस वाड्यात पाहुण्यांचा राबता असे आणि पहाटे तीनपासून मोऱ्यांमध्ये स्नाने चालत. अशाच एका पहाटे माडीच्या मोरीचा बिडाचा नळ सांध्यात गळू लागला आणि ते पाणी शेजारच्या आजींच्या मातीच्या भिंतीवर उतरू लागले. यात्रेच्या त्या गर्दीत प्लंबर मिळणे अशक्य होते.

बिडाचे जुने नळ एकमेकांत बसवून, सांध्यात तागाचे दोर ठासून वर वितळलेले शिसे ओतीत असत. काळाने शिसे सैल होते, बीड गंजून पातळ होते, आणि भिंतीवर रुजलेल्या पिंपळाचे मूळ ओलाव्याच्या शोधात नेमके त्याच फटीत शिरते. आमच्या नळाचे दुखणे हेच होते. ओले असताना त्यावर काहीच चिकटत नाही. एम-सीलचे दोन गोळे एकजीव रंगाचे होईपर्यंत मळले तरी ओल्या वा तेलकट बिडावर ते धरत नाही. म्हणून तासभर स्नाने थांबवली, मूळ कापले, गंज खरवडला, सांधा कोरडा करून लिंपला. त्यावर फटीच्या वीतभर अलीकडून वीतभर पलीकडेपर्यंत सायकलची ट्यूब ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवीत गुंडाळली आणि दोन्ही टोकांना रुंद पट्ट्या आवळल्या. बारीक तार रबर कापते.

हा उपाय टिकतो, कारण सांडपाण्याच्या नळात पिण्याच्या पाण्याच्या नळासारखा दाब नसतो; पाणी आपल्या भाराने कडेकडेने उतरून जाते. परंतु खाली कुठे तुंबले, तर तेच पाणी नळात उभे राहते आणि जितका उंच स्तंभ तितका तळाशी दाब वाढतो. मग ट्यूबची पट्टी काय करणार? म्हणून तुंबारा आधी काढावा, पट्टी मागून बांधावी. शेजारच्या गल्लीतला एक वृद्ध गवंडी हे सारे पाहून म्हणाला, "फादर, पट्टी झाली. औषध राहिलं."

पालखी गेली, पाहुणे गेले. पट्टी उत्तम टिकली, आणि खरा घोळ तिथेच झाला. मी आठवण केली की अण्णा म्हणत, "आता गळत नाही ना?" वाईट पट्टी दुसऱ्या दिवशी गळून आपले अपुरेपण कबूल करते, चांगली पट्टी विसर पाडते. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकला नळ तसा नसतो. पट्टीच्या खालच्या सांध्यातून पाणी आता भिंतीच्या पायात झिरपत होते. आश्विनात आजींच्या भिंतीचे पोपडे सुटले. एके सकाळी त्या तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, पहिल्या पाण्याला वास येतो बघा." त्यांची नळजोडणी त्याच पायालगत होती.

पाणी ठराविक वेळीच येते तिथे ही गोष्ट क्षुल्लक नसते. पुरवठा बंद झाला की नळातला दाब उतरतो आणि बारीकशा छिद्रातूनही बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची मोठी साथ आली, ती नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचल्यामुळे. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०२५ च्या जानेवारीत पुणे परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही संशय दूषित पाण्याकडेच वळला.

आजींच्या घरी दोन वर्षांचा नातू होता. त्याचे नाव काढताच अण्णा गप्प झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. बिडाचा नळ उतरवून पीव्हीसीचा बसवला, पुरेसा उतार दिला, आणि आजींची नळजोडणी पायापासून दूर, उंचावरून नेली. खर्च अण्णांनी केला. थोडा वाटा मी उचलला, कारण माडीवरचे पाणी माझेही होते.

सांडपाण्याचा स्वभावच असा आहे की आपली गळती आपल्याला दिसत नाही. ती शेजाऱ्याच्या भिंतीवर उमटते. आणि शेजार म्हणजे केवळ लगतचे घर नव्हे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी देहू व आळंदीवरून पुढे तुळापूरला भीमेस मिळते. वाटेत गावांचे व कारखान्यांचे सांडपाणी तिच्यात मिसळते, आणि आळंदीला तिच्या पात्रावर तरंगणारा फेस अलीकडे अनेकदा दिसला आहे. ज्या पाण्यात वारकरी श्रद्धेने बुडी मारतो, ते आपणा साऱ्यांच्या मोऱ्यांच्या खालच्या अंगाला आहे.

यास्तव तात्पुरती दुरुस्ती जरूर करावी. अडचणीच्या वेळी ती न करणे हाच निष्काळजीपणा. मात्र पट्टी बांधताच तिच्याशेजारी कोळशाने त्या दिवसाची तारीख लिहावी, आणि खाली कायमच्या कामाची तारीखही लिहावी. पहिली तारीख आपल्या हातांचे कौशल्य सांगते. दुसरी शेजाऱ्याला दिलेले वचन असते.