विचारलाच पाहिजे असा प्रश्न

लखनौत कोणी भेटले की पहिला प्रश्न येतो, "मिजाज कैसे हैं?" आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते, "आपकी दुआ है." ह्यांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आम्ही या शहरात आलो, त्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. सुरुवातीला या अदबीचे मला फार कौतुक वाटे. आईला लिहिलेल्या पत्रांतून मी त्याचे वर्णन करीत असे. परंतु प्रश्न विचारणे निराळे आणि त्याचे खरे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवणे निराळे, हे मला पुढे माझ्याच मुलाने शिकवले.

गोष्ट २०१७ सालच्या डिसेंबरातील आहे. आमचा धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता व बारावीत होता. सकाळी शाळा, दुपारी अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा शिकवणी वर्ग आणि रात्री घरचा अभ्यास, असा त्याचा दिवस. त्याला तबल्याचे वेड होते. पंडित भातखंडे यांनी १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय सुरू केले, तेव्हापासून लखनौच्या गाण्याबजावण्याशी मराठी माणसाचे नाते जडलेले आहे. त्याचा आम्हांला अभिमानही होता. तरीसुद्धा, "एवढे वर्ष तबला बाजूला ठेव," असे आम्हीच त्याला सांगितले होते.

त्या हिवाळ्यात तो हळूहळू मिटत गेला. पानावरून अर्धे जेवून उठू लागला. रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत दिवा दिसे. पण पुस्तकाचे पान उलटलेले नसे. मित्र हाका मारीत आणि तो "डोके दुखते" म्हणून आत बसे. एकदा शिकवणीच्या शुल्काचा विषय निघाला, तेव्हा तो सहज म्हणाला, "मी नसतो, तर तुमचे किती पैसे वाचले असते!" मी त्याला रागावले आणि विसरून गेले. वयच असे आहे, परीक्षा झाली की ठीक होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग जानेवारीत एक दिवस तो अचानक शांत आणि प्रसन्न दिसला. त्याने खोली आवरली, जुन्या वह्या बांधून ठेवल्या आणि तबल्याची जोडी शेजारच्या मुलाला देऊन टाकली. मला तर हायसे वाटले! खटकले ते सासूबाईंना. त्या म्हणाल्या, "अगं, आज सणवार नाही, परीक्षा नाही, आणि पोर माझ्या पाया पडून गेले. मला हे बरे वाटत नाही."

आमच्या गल्लीत एक सेवानिवृत्त परिचारिका राहतात. सारी गल्ली त्यांना 'सिस्टरजी' म्हणते. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सगळे ऐकून घेतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आज रात्रीच त्याला विचारा. आडवळणाने नको, सरळ विचारा." माझे पाय लटपटले. "विचारले आणि नसलेली गोष्ट मनात भरली तर?" मी म्हटले. त्यांनी मान हलवली. "विचारल्याने ती भरत नाही. असलीच, तर बाहेर यायला वाट मिळते."

त्यांचे म्हणणे खरे होते, हे मी पुढे वाचले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ सालच्या अहवालात जे गैरसमज दूर केले आहेत, त्यांत हाही एक आहे. उघडपणे बोलल्याने माणूस त्या मार्गाकडे ढकलला जात नाही. उलट दुसरी वाट शोधायला त्याला अवसर मिळतो.

त्या रात्री बाहेर दाट धुके होते. मी त्याच्या खाटेवर बसले आणि विचारले, "बाळा, तुला जगणे नकोसे झाले आहे का? जीव द्यावा, असे मनात येते का?" तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हो." आणि त्यानंतर तो लहानपणी रडत असे तसा रडला.

वाचकहो, त्या क्षणी माझ्या ओठांवर काय काय आले होते! "आम्ही तुला काय कमी केले?" "लोक काय म्हणतील?" "तुझ्याहून वाईट दिवस आम्ही काढले." यांतले एक वाक्य जरी मी उच्चारले असते, तरी ते दार पुन्हा मिटले असते. मी फक्त म्हणाले, "सांगितलेस, बरे केलेस. आता तू एकटा नाहीस." "बाबांना सांगू नकोस," असे तो म्हणाला, तेव्हा मात्र मी वचन दिले नाही. अशा बाबतीत गुप्ततेचे वचन देऊ नये. "तुला जपण्यासाठी ज्यांना सांगायला हवे, त्यांना मी सांगणार," असे प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे.

ती रात्र आम्ही दोघांनी आळीपाळीने त्याच्याजवळ बसून काढली. घरातील औषधे आणि ज्यांनी इजा होऊ शकेल अशा सर्व वस्तू ह्यांनी त्याच रात्री हलवून कुलपात ठेवल्या. असा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ टळला, तर माणूस वाचतो.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आम्ही लालबागेतील 'नूर मंजिल'मध्ये गेलो. डॉ. ई. स्टॅन्ले जोन्स यांनी १९५० साली स्थापन केलेले हे मानसोपचार केंद्र. त्याच्या फाटकावरून मी कितीदा गेले होते आणि प्रत्येक वेळी नजर वळवली होती! तेथील डॉक्टरांनी त्याला नैराश्याचा आजार असल्याचे सांगितले. विषमज्वरासारखा आजार, त्यात मुलाचा दोष नाही आणि आईबापांची अब्रूही नाही. काही महिने औषधे चालली आणि आठवड्याला एकदा बोलणे. बरे होणे सरळ रेषेत झाले नाही. मध्ये वाईट दिवसही आले. प्रवेशपरीक्षा त्या वर्षी सोडून दिली. शेजारच्या मुलाने तबल्याची जोडी आपण होऊन परत आणून दिली.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. या घटनांमागे क्वचितच एकच कारण असते; परीक्षा, आजार, घरातील कलह, अपमान, एकटेपणा असे अनेक धागे एकत्र गुंतलेले असतात. म्हणून 'नापास झाला आणि गेला' असे एका वाक्यात बोलू नये. परंतु खुणा पुष्कळदा दिसतात. झोप व भूक बदलणे, आवडत्या गोष्टींतून मन उडणे, आपण ओझे आहोत असे बोलणे, प्रिय वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे आणि दीर्घ उदासीनंतर अकस्मात येणारी शांतता. यांपैकी काही एकत्र दिसले, की परीक्षा संपण्याची वाट पाहू नये.

ऐकण्याची शक्ती किती मोठी असते, याचा एक दाखला आहे. लंडनमध्ये १९५३ साली चॅड वराह या धर्मोपदेशकांनी निराश माणसांसाठी दूरध्वनीची सोय सुरू केली. त्यांना भेटायला आलेल्यांना बाहेर ताटकळावे लागे, तेव्हा साधे स्वयंसेवक त्यांना चहा देऊन त्यांचे बोलणे ऐकत बसत. कितीतरी जणांना मग आत जाण्याची गरजच उरत नसे! आपल्याकडे चेन्नईत १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' ही अशीच संस्था उभी केली.

आमच्यावर वेळ आली तेव्हा नव्हती, अशी एक सोय आज सर्वांना आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. पोलिसांच्या भीतीने गोष्ट दडवू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून अमलात आला असून, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे तो गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. जिवाला तत्काळ धोका दिसला, तर मुलाला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे.

माझा मुलगा आज दुसऱ्या गावी नोकरी करतो आणि रविवारी तबला वाजवतो. हा लेख लिहू का, असे मी त्याला दूरध्वनीवरून विचारले. थोडा थांबून तो म्हणाला, "लिही, आई. पण त्या रात्री तू जे विचारलेस, ते गुळमुळीत करू नकोस. जसेच्या तसे लिही. कुणाच्या तरी आईला ते शब्द लागतील."

म्हणून ते मी जसेच्या तसे लिहिले आहेत.