वारीच्या गाडीचा संसार

मृगाच्या सरी पडल्या, पेरणी उरकली, की आपल्यापैकी कित्येकांची पावले आळंदी-देहूकडे वळतात. चालणारा माणूस खांद्यावर पताका घेतो, पण त्याचे अंथरूण, पीठमीठ, भांडीकुंडी आणि राहुटी गाडीतून पुढच्या मुक्कामाला जाते. पूर्वी हे काम बैलगाडी करी. आता ट्रक, टेम्पो आणि गावात भाजीपाल्यासाठी घेतलेली छोटी चारचाकी करते. या गाडीत वारीचा संसार कसा मांडावा, हे आज सांगणार आहे. विषय साधा वाटेल, पण त्यावर बारा माणसांची झोप, जेवण आणि कधी जीवही अवलंबून असतो.

आमच्या भावकीतली दहा-बारा माणसे दरवर्षी एका दिंडीबरोबर चालतात. थोरल्या आत्याबाईंचे वय चौऱ्याहत्तर. त्यांची वारी कधी चुकली नव्हती. पण गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि दोन वर्षे त्यांनी आषाढी घरी बसूनच केली. तिसऱ्या वर्षी पुतण्याने मालवाहू गाडी घेतली. लोक जिला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तीच. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “मला उचलून नेऊ नका रे. चालेन तेवढं चालेन, नाही तेव्हा गाडीत बसेन. रात्री पाठ टेकायला कोरडी जागा तेवढी द्या.” सगळ्या खटाटोपाचे मूळ या एका वाक्यात आहे. ऐन खरिपात माझ्यासारख्या विस्तार अधिकाऱ्याला वीस दिवस रजा कोण देणार? म्हणून आखणी मी करून दिली आणि सासवडपर्यंत दोन दिवस बरोबर गेलो.

पहिली गोष्ट वजनाची. गाडीच्या नोंदपुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. दोहोंतला फरक तेवढाच आपला हक्क. आमच्या गाडीला तो ७५० किलो. वेल्डिंगवाल्या मिस्त्रींकडे जाण्याआधी मी वहीत जमाखर्च मांडला. छप्पर, सांगाडा आणि पेट्या १४० किलो, पाण्याचे २०० लिटरचे पिंप म्हणजे २०० किलो, भरलेला सिलिंडर ३०, शेगडी-भांडी ४५, आठवड्याचा शिधा ६०, राहुटी ५०, बारा अंथरुणे ६०, बारा पिशव्या ७२, बॅटरी ३०. पुढे बसणारी दोन माणसे १३०. बेरीज ८१७ झाली! डोळ्यांना गाडी अर्धी रिकामी दिसली असती, पण ती ६७ किलोंनी जास्त भरलेली होती.

काय काढायचे? सगळ्यांनी आपापल्या पिशवीकडे पाहिले. मी म्हटले, पाणी काढा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि पालखीच्या मुक्कामाला टँकर असतातच. पिंपाऐवजी ४० लिटरचे दोन कॅन घेतले. १२० किलो कमी झाले आणि गाडी ६९७ वर आली. शिवाय अर्धवट भरलेल्या पिंपात पाणी वळणावर हेलकावते आणि गाडीला एका अंगाला ओढते. तोंडापर्यंत भरलेला, बुचाचा कॅन तसे करीत नाही. निघण्याआधी भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला. उसाची गाडी काट्यावर घालणाऱ्या आपल्या माणसांना हे शिकवायला नको.

दुसरी गोष्ट भार कुठे ठेवावा याची. बैलगाडी भरताना बाप सांगे, गाडी उलाळ होऊ देऊ नको. मागे भार झाला की जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारीचेही तसेच. मागच्या आसाच्या पलीकडे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. म्हणून बॅटरी, शिधा, कॅन असे जड सामान तळाशी, मागच्या आसाच्या पुढे ठेवावे. अंथरुणे आणि कपडे वर. छपरावर काहीही बांधू नये. पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट लागतो. पालखीच्या दिवशी गाड्यांना पोलीस वेगळी वाट देतात, पण त्या वाटेवरही चढउतार आहेतच. उंच भरलेली गाडी वळणावर कलंडते. आणि ज्या गियरात चढ चढलात, त्याच गियरात तसलाच उतार उतरा. ब्रेक तापू देऊ नका.

आता छप्पर. हौदा सात फूट लांब, पाच फुटांना जरा कमी रुंद. त्यावर कायमचे उंच छप्पर केले असते तर वारा धरला असता आणि वजन वर गेले असते. म्हणून वरखाली होणारे छप्पर केले. चार कोपऱ्यांना सव्वा इंची चौकोनी पाईप, त्यात सरकणारे एक इंची पाईप, भोके पाडून लोखंडी खिळ्या. चालताना छप्पर केबिनच्या उंचीला बसते आणि पट्ट्यांनी आवळले जाते. मुक्कामाला दोघांनी दोन बाजूंनी उचलायचे आणि खिळ्या घालायच्या. माणूस आत ताठ बसू शकतो. बाजूंना जाड ताडपत्री आहे. तिचा खालचा काठ हौद्याच्या फळीच्या बाहेर पडला पाहिजे. आत राहिला तर पावसाचे सगळे पाणी अंथरुणात येते. एका बाजूच्या खिळ्या एक भोक खाली घातल्या की छपराला उतार मिळतो. वरच्या कडेला समोरासमोर वीतभर फटी ठेवा. नाहीतर श्वासाची वाफ पत्र्याला लागून पहाटे थेंब गळतात.

सांगाडा गाडीला वेल्ड करू नका, भोकेही पाडू नका. परवानगीशिवाय गाडीच्या मूळ बांधणीत फेरफार करणे कायद्यात बसत नाही. आम्ही तो कडीपट्ट्यांनी आवळला. वारीहून आल्यावर तो उतरवून गोठ्याच्या आढ्याला टांगायचा, कारण दुसऱ्या दिवशी गाडीला मेथीच्या जुड्या घेऊन बाजारात जायचे असते. आणि चालत्या गाडीत मागे कोणीही बसायचे नाही. नोंदपुस्तकात जितक्या बैठका तितकीच माणसे, तीही पुढे. दमलेल्याला “बस की मागे” म्हणणे ही माया नव्हे.

आतली मांडणी मात्र मी केली नाही, घरच्या बायकांनी केली. माझ्या कागदावर शेगडी आत, केबिनच्या पाठीला होती. थोरल्या वहिनी म्हणाल्या, “भावोजी, पहाटे तीनला वाकून आत शिरणार कोण? आणि तिथं आत्याबाई निजलेल्या.” त्यांनी शेगडी मागच्या फळीवर, गाडीबाहेर आणली, म्हणजे उभ्याने स्वयंपाक होतो. फुटभर उंचीच्या प्लायच्या पेट्या ओळीने मांडल्या. त्यांत शिधा आणि भांडी, वर सपाट बिछाना, दोन वृद्ध बायांपुरता. ताडपत्रीचा एक तुकडा आणि चार काठ्या त्यांनी हट्टाने घेतल्या, अंघोळीच्या आडोशासाठी. पुरुषमाणूस नदीवर उघड्यावर उरकतो. बायकांची वारी अनेकदा याच अडचणीपायी अवघड होते. ते वजन चार किलोही नव्हते.

गॅसबद्दल कडक राहा. हा वायू हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, तळाशी साचून राहतो. सिलिंडर उभा बांधा, त्याच्या कप्प्याला खालच्या अंगाला भोके ठेवा, चालताना रेग्युलेटर बंद ठेवा. रात्री माणसे निजण्याआधी सिलिंडर गाडीतून खाली उतरवा. थंडी वाजली म्हणून बंद ताडपत्रीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. त्या धुराच्या विषाला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

दिव्यांचा हिशेबही सोपा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. साध्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे ६००. पाच वॉटचे तीन दिवे पाच तास, हे ७५ झाले. बारा मोबाइल भरायला पावणेतीनशे धरा. रात्र निभावते. पण आषाढाच्या ढगांत सौर पट्टीवर भिस्त ठेवू नका, आणि रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीने बॅटरी पुरती भरत नाही. दर दोन दिवसांनी मुक्कामाच्या गावात ती भरून घ्या. बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

आत्याबाई पंढरपुराला पोहोचल्या. लोणंदला रात्रभर पाऊस होता, बिछाना कोरडा राहिला. गुडघे ऐकतील त्या दिवशी त्या मैलभर चालत, नाहीतर पुढे बसून भजन म्हणत. गाडीत बसून वारी घडते का, यावर गावात वाद झाला. मी त्यात पडत नाही. त्या परतल्या तेव्हा गाडीचे कौतुक करतील असे वाटले होते. त्या इतकेच म्हणाल्या, “पुढच्या साली तो जादाचा हंडा नको. नुसता वाजतो.”

वाचकहो, पालखी आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. त्याआधी महिनाभर गाडीला हात घाला. एक रात्र अंगणात, पाण्याच्या नळीने पाऊस पाडून, आत झोपून पाहा. जे गळते ते घरीच गळू द्या. आणि आखणीचा कागद काढाल तेव्हा पहिला प्रश्न गाडीला नव्हे, तर तुमच्यातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारा. त्याला जे लागते ते आधी ठेवा. मग उरलेल्या सामानातले काय घरी ठेवता येईल, ते पाहा.