प्रयोग आपल्यावरच का?

2019 साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा माझ्या मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश आले. पहिला अभिमानाचा: बॅनर्जींच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, म्हणजे आपल्या मराठी! दुसरा आपल्याच कार्यकर्त्यांचा: 'गरीब माणूस यांना प्रयोगशाळेतला उंदीर वाटतो.' पहिल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. दुसरं वाक्य मात्र सोलापुरातल्या आपल्या अभ्यासवर्गांत आजही ऐकू येतं आणि त्याला टाळ्याही पडतात. मला ते अर्धंच पटतं. त्या अर्ध्याबद्दल आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल हा लेख.

आधी पद्धत समजून घेऊ. समजा, शंभर गावांत एक योजना आणायची आहे. नेहमीच्या रीतीने ती आधी कुठे जाईल? जिथला सरपंच वजनदार आहे, जिथे रस्ता चांगला आहे, जिथे साहेबांची गाडी पोचते तिथे. मग वर्षभराने म्हणायचं, बघा, योजनेमुळे गाव सुधारलं. पण ते गाव योजनेशिवायही सुधारलं असतंच की! म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. पन्नास गावांना योजना, पन्नास गावांना तूर्त नाही, आणि मग दोन्हींतला फरक मोजायचा. चिठ्ठी आपल्याला परकी नाही. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा एखादं शाळकरी पोर बरणीत हात घालतं आणि सभागृहातल्या भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. चिठ्ठीला वशिला कळत नाही, हा तिचा मोठा गुण.

महाराष्ट्रात असे प्रयोग झालेले आहेत. 2001 ते 2003 या काळात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत अशी चाचणी झाली. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर न्यायची आणि वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने त्यांना वाचन-गणित शिकवायचं. कोणतीही शाळा कोरडी राहिली नाही. काही शाळांत एका इयत्तेला बालसखी दिली, काहींत दुसऱ्या इयत्तेला, आणि तुलना त्यांच्यात केली. मुलं खरोखर शिकली, सर्वांत मागे असलेली सर्वांत जास्त शिकली. यात वाईट काय आहे? माझ्या मते काहीच नाही. फक्त त्या मुलीला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत होते, आणि चाचणीचा प्रश्न पोरं शिकली का, एवढाच होता. तेवढ्या पैशात बालसखीचं घर कसं चालतं, हा प्रश्न त्या कागदावर नव्हता. आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या मोर्चात चाललेल्या माणसाला तो आधी दिसतो.

दुसरं उदाहरण संडासांचं. संपूर्ण स्वच्छता अभियानाची चाचणी 2004 मध्ये सुरू झाली, शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात. साठ गावं, त्यांपैकी तीस गावांत अभियान आधी. त्या गावांतली लहान मुलं सरासरीने थोडी उंच भरली. हगणदारी कमी झाली की पोटाचे आजार कमी होतात, मग खाल्लेलं अंगी लागतं. हे मोठंच निष्पन्न आहे. पण मूळ आराखड्यात तीन जिल्हे होते. नांदेड आणि नंदुरबारमध्ये प्रयोग झालाच नाही. म्हणजे जिथे यंत्रणा हलली तिथला आकडा हाती आला, आणि आदिवासी नंदुरबारचं पोर मोजायचंच राहिलं. अभ्यासकांनी हे लपवलं नाही, उलट त्यावरच सविस्तर लिहिलं. तरी अशा आकड्याचा प्रवास पुढे मंत्रालयापर्यंत होतो तेव्हा न झालेले जिल्हे सोबत जात नाहीत.

या अभ्यासाची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्यातले एक अभ्यासक डीन स्पिअर्स आणि त्यांच्या सहकारी डायान कॉफी यांनी 2017 साली भारतातल्या उघड्यावरच्या शौचावर पुस्तक लिहिलं. सरकारने बांधून दिलेला संडास लोक वापरत का नाहीत? त्यांचं उत्तर: खड्डा भरला की उपसणार कोण, हे ज्याच्या-त्याच्या डोक्यात आधीपासून पक्कं आहे. ते काम एका जातीचं. ती जात आता नकार देते आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. पुस्तकाच्या उपशीर्षकातच 'जात' हा शब्द आहे. आमच्या आज्जीने हे उत्तर चहा गाळता गाळता दिलं असतं! पण आज्जीचं म्हणणं धोरणात जात नाही.

आता 'उंदीर' या आक्षेपाचा खरा भाग. चिठ्ठी टाकायची तर कुणाला तरी 'तूर्त नाही' म्हणावं लागतं. साधनं अपुरी असतील तर वशिल्यापेक्षा चिठ्ठी न्यायाची, हे मला मान्य आहे. पण हक्काच्या बाबतीत 'तूर्त नाही' चालत नाही. 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडेच मांडले: मागासवर्ग लोकसंख्येत दुसरा आणि प्राथमिक शिक्षणात चौथा, म्हणजे शेवटचा. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेताना मात्र त्यांनी कुणाकडे आकडा मागितला नाही. पाणी प्यायल्याने अस्पृश्यांचं आरोग्य किती टक्के सुधारेल, हा तिथला प्रश्नच नव्हता. स्वाधार योजनेचे पैसे पात्र पोराला वेळेवर द्यावेत की नाही, यावर चाचणी होऊ शकत नाही. ते द्यायचेच. ऑनलाइन अर्ज भरायला वस्तीत माणूस बसवला तर किती अर्ज बाद व्हायचे वाचतील, यावर मात्र खुशाल करा. मी स्वतः चिठ्ठ्या कापून देईन.

पण माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. प्रयोग गरिबांवर होतात, गरिबी राखणाऱ्यांवर होत नाहीत. विडी वळणाऱ्या बाईने बचत कशी करावी हे तपासायला माणसं येतात. तिची मजुरी ठरवणाऱ्याला कोण तपासतो?

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी आम्ही सोलापुरात खोली शोधत होतो. मंगळवेढ्याकडचा मुलगा, कॉलेजला लागलेला. फोनवर खोली रिकामी असायची. दारात गेल्यावर पाणी मिळायचं, 'आडनाव काय म्हणालात?' हा प्रश्न यायचा, आणि मग कळायचं की खोली कालच गेली. तीन ठिकाणी असंच झालं. आम्हाला कारण माहीत होतं. पण सिद्ध कसं करणार? एखादी खोली खरोखर काल गेलेली असू शकते. घरमालक तोंडाने काही बोलत नाही, आणि न बोललेल्यावर गुन्हा दाखल होत नाही.

इथे हीच पद्धत आपल्या कामाची आहे. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी तेच केलं. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फरक फक्त नावाचा: एक उच्चवर्णीय, एक दलित, एक मुस्लिम. 2007 साली निष्कर्ष छापून आला. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. एका अर्जाचं काहीही कारण सांगता येतं, हजारोंचं सांगता येत नाही. इथे उंदीर कोण होता? कंपनी होती! म्हणून 'प्रयोग नकोत' म्हणणाऱ्या आपल्या मित्रांना मी विचारतो, हे हत्यार खाली का ठेवता?

आरक्षणावरही असा पुरावा आहे, आणि तो कुणी मुद्दाम मांडलेल्या प्रयोगाचा नाही. मुंबई महापालिकेत महिलांचे राखीव वॉर्ड फिरते असतात. 1997 ला राखीव असलेले पण 2002 ला खुले झालेले वॉर्ड रिखिल भवनानी यांनी तपासले. कधी राखीव नव्हते अशा वॉर्डांच्या तुलनेत तिथे बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठल्यावरही! 'राखीव उमेदवार नावापुरता असतो' असं म्हणणाऱ्यांपुढे हा कागद ठेवा. अनुसूचित जातींच्या जागांबद्दल असंच घडतं का, हे आपल्याच एखाद्या पीएचडी करणाऱ्या पोराने सोलापूरचे जुने निकाल काढून पाहावं.

खोल्यांची चाचणी दिल्लीच्या परिसरात थोरातांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली आहे. सोलापुरात ती करायला परदेशी विद्यापीठ लागत नाही. बारा-पंधरा पोरं, जाहिरातींचे कागद, दोन तऱ्हेची आडनावं आणि कुणी कुणाला फोन करायचा हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या. एकाच खोलीसाठी दोन फोन, एकच वाक्य, उत्तर शब्दशः वहीत. घरमालकाचं नाव वहीत लिहायचं नाही, भाग फक्त लिहायचा. जूनमध्ये अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढ्याची पोरं खोल्या शोधत फिरतात. त्याआधी वह्या तयार हव्यात.