तुर्कांची गुड्डा

नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. 2018 च्या उन्हाळ्यात मी लंडनला मुलाकडं गेले होते. तिथून आइसलँड विमानानं तीन तासांवर. जिथं जूनमध्ये सूर्य जेमतेम मावळतो, ते शहर एकदा बघावं असं भूगोलाचं पुस्तक वाचल्यापासून मनात होतं. मुलाला रजा नव्हती, सुनेलाही नव्हती. ‘‘अम्मी, अकेली कायकू?’’ एवढंच तो म्हणत राहिला. शेंगेनचा वेगळा व्हिसा मी मुंबईहून निघण्याआधीच काढून ठेवलाय, हे त्याला नंतर कळलं.

रेक्याविक राजधानी खरी, पण वस्ती तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. आमच्या सांगली-मिरजेत अशी तीन-चार रेक्याविक सहज मावतील. पत्र्याची रंगीत घरं, मध्ये बदकांचं तळं, रस्ता संपला की समुद्र. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीच्या पोटातून आलेलं असतं. पहिल्यांदा वजू करताना मी हात दोनदा हुंगून बघितला. बाजाराचा मुख्य रस्ता लौगावेगुर. एके काळी गावातल्या बायका धुण्याची बोचकी घेऊन याच वाटेनं गरम झऱ्यांकडं जायच्या, म्हणून हे नाव. एवढं ऐकल्यावर त्या रस्त्यावरून एकटीनं चालायला मला संकोच वाटेनासा झाला. महागाईबद्दल न बोललेलं बरं.

कुठूनही दिसतं ते टेकडीवरचं हॉल्ग्रिमुर चर्च. साडेचौऱ्याहत्तर मीटर उंच. 1945 साली काम सुरू झालं, ते 1986 साली पुरं झालं. बाहेरून बघताना लाव्हारसाचे खांब थंड होऊन उभे राहिल्यासारखं वाटतं. हे ज्याच्या नावानं आहे तो हॉल्ग्रिमुर पेतुर्सोन सतराव्या शतकातला धर्मोपदेशक आणि कवी. ख्रिस्ताच्या यातनांवरची त्याची पन्नास स्तोत्रं तिथं घरोघरी माहीत आहेत. मी लिफ्टनं वर जाऊन गाव बघितलं, खाली येऊन बाकावर टेकले. शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. माझी ओढणी बघून की काय कोण जाणे, त्यांनी विचारलं, ‘‘या कवीची बायको तुम्हाला माहीत आहे का?’’

तिचं नाव गुदरीदुर सिमोनारदोत्तिर, म्हणजे सिमोनची मुलगी. दक्षिणेकडच्या बेटावरच्या एका कोळ्याची बायको. 1627 साली अल्जिअर्सच्या चाच्यांनी त्या बेटावर धाड घातली. त्या उन्हाळ्यात आइसलँडमधून सुमारे चारशे माणसं धरून नेली, त्यात ती आणि तिचा लहान मुलगाही होता. अल्जिअर्सच्या बाजारात ती विकली गेली. तिनं नवऱ्याला लिहिलेलं एक पत्र अजून टिकून आहे. 1636 साली डेन्मार्कच्या राजानं खंडणी भरून काही जणांना सोडवलं, त्यात ती होती. मुलगा मात्र तिथंच राहिला. नवरा समुद्रात बुडून गेला होता. सोडवलेल्या लोकांना पुन्हा ख्रिस्ती धर्माचे धडे द्यायला कोपनहेगनमध्ये एक विद्यार्थी नेमला होता, तोच हॉल्ग्रिमुर. ती त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठी. दोघांचं लग्न झालं. पुढं एक मुलगी लहानपणीच गेली, त्याला महारोग झाला, 1674 साली तो वारला. ती त्याच्यामागं आठ वर्षं जगली.

आणि गाव तिला मरेपर्यंत काय म्हणालं? तिर्क्या-गुड्डा. तुर्कांची गुड्डा. गुड्डा हे तिचं लाडाचं नाव, आपल्याकडं गुड्डी असते तसं. त्याला हा तुर्क चिकटवला. तिथल्या लोककथांत तर ती तिकडून एक मूर्ती घेऊन आली आणि चोरून पूजत होती, असंही आहे. मुसलमानांच्या मुलखातून मूर्ती! मला हसू आलं. पण ते टिकलं नाही.

कारण तिला पळवून नेणारे माझ्याच धर्माचे होते. त्यांचे काही म्होरके युरोपातून जाऊन मुसलमान झालेले होते, युरोपातही गुलामांचा व्यापार जोरात होता, हे सगळं मी त्या बाईंना सांगू शकले असते. नाही सांगितलं. एका आईचं पोर तिकडं राहून गेलं, त्यावर हे बोलणं शोभलं नसतं.

तुर्क हा शब्द मात्र मनातून जाईना. एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ मी वर्गात समजावून सांगितलाय. तिथला तुर्क म्हणजे कुठल्या देशाचा नव्हे, शेजारचाच मुसलमान. बत्तीस वर्षं मी मराठी शिकवलं. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एकानं कौतुकानं म्हटलं होतं, ‘‘बाई, तुमचं मराठी किती शुद्ध हो, वाटतच नाही!’’ काय वाटत नाही, हे मी विचारलं नाही. निवृत्तीच्या समारंभातही हेच वाक्य झालं, आणि मी हसून आभार मानले.

सफरीत रोजा कजा करायची सवलत असते. दोन दिवस मी ती घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र राहवेना. तिथल्या सूर्याप्रमाणं रोजा ठेवला, म्हणजे जवळपास बावीस तासांचा. काही जण अठरा तासांचाच ठेवतात, त्यावर तिथं मतभेद आहेत. थंडीमुळं तहान कमी लागली, पण दिवस काही संपेना. इफ्तारला आर्मुली रस्त्यावरच्या मशिदीत गेले. मशीद म्हणजे कचेऱ्यांच्या इमारतीतला वरचा मजला. घुमट नाही, मिनार नाही. रात्री साडेअकरा वाजता उजेडातच खजूर तोंडात घातली.

माझ्या बाजूला मोरोक्कोच्या एक बाई आणि त्यांची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी होती. मुलगी तिथंच जन्मलेली. तिनं माझ्या वडिलांचं नाव विचारलं. इब्राहिम म्हटल्यावर कागदी रुमालावर लिहून दिलं : इब्राहिम्सदोत्तिर. तिथं बहुतेकांना आडनाव नसतंच, बहुधा बापाचं नाव तेच पुढं. लग्नानंतरही ते बदलत नाही. फोनच्या यादीत मंत्री असो की कोळी, सगळे पहिल्या नावानं. मला हे फार आवडलं.

मी विचारलं, ‘‘गुड्डा माहीत आहे तुला?’’

‘‘शाळेत असते ना. तो धडा आला की सगळे माझ्याकडं बघतात.’’

मला एकदम आमचा चौथीचा वर्ग आठवला. इतिहासाच्या पुस्तकातला अफजलखानाचा धडा. गुरुजी वाचत होते, आणि पुढच्या बाकावरची पोरं एकेक करून मान वळवत होती. माझ्या मागं भिंत होती.

ती पुढं म्हणाली, ‘‘दुकानात बायका म्हणतात, किती छान आइसलँडिक बोलतेस ग.’’

‘‘मग तू काय म्हणतेस?’’

‘‘मी म्हणते, तुम्हीपण.’’

आईनं तिला डोळे वटारले. माझ्याकडं वळून म्हणाल्या, ‘‘फार उद्धट झालीय. मला तर ऐकूनच घाम फुटला. तुम्ही शिक्षिका ना? जरा समजवा हिला.’’

मी माझ्या ताटलीतली उरलेली खजूर त्या पोरीच्या ताटलीत ठेवली.