दादाची दुबईहून येणारी बॅग

आमच्या घरात पासपोर्ट काढणारा पहिला माणूस दादा आणि कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. म्हणून कायद्याचा प्रश्न निघाला की आई विड्या वळता वळता माझ्याकडे बघते.

दादा दुबईत वायरमन आहे. त्याच्या साहेबाने पुण्यातल्या भावासाठी एक ई-सिगारेट न्यायला सांगितली आहे. तिकडे ती २०१९ पासून दुकानात राजरोस मिळते. आपल्याकडे मात्र त्याच वर्षीच्या कायद्याने तिची आयात बंद झाली. अख्खी वस्तूच काय, सुटा भागही चालत नाही. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गंमत अशी, की नुसते ओढणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षाच नाही! सापडणार तो बॅगवाला.

"विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देतात की!" दादा फोनवर म्हणाला. अरे दादा, तो नियम बॅटरी पेट घेईल या भीतीचा. मुंबईच्या कस्टमला त्याचे काय?

आईने विचारले, "मग आपली विडी कशी चालते गं?" यावर मला काही बोलता आले नाही. दादाला एवढेच म्हटले, साहेबाला नाही म्हणून सांग.

"नोकरी त्याच्या हातात आहे," तो म्हणाला.