ठाण्याच्या बंदरातला डोमिनिकन भिक्षू

जॉर्डन कॅटलानी हे चौदाव्या शतकातील डोमिनिकन संघाचे भिक्षू आणि धर्मगुरू. दक्षिण फ्रान्समधील सेव्हराक हे त्यांचे गाव. १३२१ च्या सुमारास ते ठाण्याला आले आणि पुढची काही वर्षे ठाणे, सोपारा, भडोच, घोघा या किनारपट्टीवर त्यांनी मिशनरी म्हणून काढली. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा पावणेदोनशे वर्षे बाकी होती. महाराष्ट्रातील कॅथलिक इतिहास वसईच्या पोर्तुगीज किल्ल्यापासून सुरू होतो असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. जॉर्डन यांची दोन पत्रे आणि एक छोटा ग्रंथ तो आरंभ बराच मागे नेतात.

मठात राहणारा संन्यासी आणि भिक्षू यांत फरक आहे. मठवासी एका मठाशी आयुष्यभर बांधलेला असतो, त्याच्या पोटापाण्याची सोय मठाच्या शेतीवाडीतून होते. तेराव्या शतकाच्या आरंभी संत फ्रान्सिस आणि संत डोमिनिक यांनी जे संघ उभे केले, त्यांतील भिक्षू गावोगाव पायी फिरत, भिक्षेवर जगत आणि भर बाजारात प्रवचन करत. डोमिनिकन संघाला पोपची मान्यता १२१६ साली मिळाली. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते सगळ्यांनाच असत. काही जण दीक्षा घेऊन धर्मगुरू होत, काही अखेरपर्यंत ब्रदरच राहत. फिरते असले तरी त्यांचे जीवन एकट्याचे नव्हते. जेवण, प्रार्थना, चुकांची कबुली, आजारपण, सारे सोबत्यांच्या साक्षीने चाले. स्तोत्रेही दोन गटांनी आळीपाळीने म्हणायची असत.

संघजीवनाचे हे वजन मला येरवड्यात कळले. येरवड्याहून नगर रस्त्याने रामवाडीकडे गेले की पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप विद्यापीठ लागते. १८९३ साली श्रीलंकेतील कॅन्डी येथे सुरू झालेली ही सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. तिच्या आसपास निरनिराळ्या संघांची घरे आहेत. अशाच एका घरात मी धर्मविद्यार्थ्यांना मराठी शिकवत असे. कोणी झारखंडचा, कोणी केरळचा, कोणी ईशान्येकडचा. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, वर्ग, बागकाम, भांडी, पुन्हा प्रार्थना असा त्यांचा दिवस असे, आणि त्यातले काहीच कोणी एकट्याने करत नसे. एकाला ताप आला तर दुसरा त्याच्या वाटणीचे काम न सांगता उचलत असे. पुढे आपल्याला दूर कुठेतरी, अनोळखी भाषेत पाठवतील हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जॉर्डन यांच्या पत्रांचा ओबडधोबड मराठी मजकूर मी त्यांच्यापुढे वाचनासाठी ठेवला तो त्यामुळेच.

जॉर्डन इराणमार्गे आले. तेथील तब्रीझ, मराघा या शहरांत दोन्ही संघांची ठाणी होती. होर्मुझहून पुढच्या समुद्रप्रवासात त्यांच्याबरोबर चार फ्रान्सिस्कन होते: टोलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. थॉमस वयाने आणि अनुभवाने मोठे. चीनमध्ये काम करणारे फ्रान्सिस्कन मिशनरी, मोंतेकोर्विनोचे जॉन, यांनी तेथून धाडलेली पत्रे त्यांनीच १३०७ साली पोपपर्यंत पोचवली होती. या मंडळींना जायचे होते कोल्लमला आणि तेथून चीनला, पण वाऱ्याने जहाज ठाण्याला आणले. त्या काळी हे बंदर दिल्लीच्या सुलतानाच्या अमलाखाली होते. गावात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या चर्चची, ख्रिस्ती कुटुंबे होती आणि त्यांपैकी एकाच्या घरी पाचही जण उतरले.

सोपारा आणि भडोच येथील ख्रिस्ती लोकांना धर्माचे शिक्षण हवे होते. जॉर्डन यांना फारसी येत होती, म्हणून ते तिकडे निघाले आणि चौघे ठाण्यात राहिले. पुढे घडले त्याची सुरुवात एका घरगुती भांडणातून झाली. यजमानाने बायकोला मारले, ती काझीकडे गेली, साक्षीदार कोण असे विचारताच तिने घरातल्या परदेशी साधूंची नावे सांगितली. पीटर घर सांभाळायला मागे थांबले, तिघे काझीपुढे गेले. तेथे चौकशी बाजूला पडून धर्मावरचा वाद पेटला आणि त्याचा शेवट मृत्यूत झाला. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघे मारले गेले, ११ एप्रिलला पीटर. काही वर्षांनी ठाण्याला आलेले फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक यांनी ही हकिकत सविस्तर लिहिली आहे. दिल्लीच्या सुलतानाने या हत्येबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला शिक्षा केली असेही ते सांगतात.

बातमी कळताच जॉर्डन परतले. जिनोआच्या एका तरुणाच्या मदतीने त्यांनी सोबत्यांचे देह मिळवले, सोपाऱ्याला नेले आणि तेथे पुरले. अशोकाच्या शिलालेखाचे आणि बौद्ध स्तूपाचे हेच नालासोपारा. हुतात्म्यांच्या कथा बहुधा येथे संपतात. मिशनरी जीवनाचा खरा कस मला त्यानंतरच्या वर्षांत दिसतो.

पहिले पत्र १३२१ च्या ऑक्टोबरात घोघ्याहून लिहिलेले आहे. ते इराणमधील डोमिनिकन आणि फ्रान्सिस्कन बांधवांना उद्देशून आहे. भडोचला नव्वदच्या आसपास लोकांना बाप्तिस्मा दिला, नंतर आणखी वीसहून अधिक, शिवाय ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस, असा हिशेब त्यात आहे. सोपारा, भडोच आणि कोल्लम ही तीन ठिकाणे कामाला योग्य आहेत, माणसे पाठवा, अशी मागणी आहे. कोणाला पाठवावे हेही ते नावानिशी सुचवतात.

दुसरे पत्र त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने ठाण्याहून गेले. त्याचा सूर वेगळा आहे. चाच्यांनी धरले, तुरुंगात टाकले, खोटे आरोप झाले, संघाचा झगाही राहिला नाही, नुसत्या सदऱ्यावर फिरावे लागते. भूक, तहान, ताप, गरिबी सगळे सोसले, असे ते लिहितात. तरी परत बोलवा असे कुठे म्हणत नाहीत. मागणे एकच, सोबतीला माणसे पाठवा. येरवड्याच्या वर्गात हा मजकूर वाचून झाला तेव्हा मुले ठाण्यातल्या हत्यांबद्दल विचारतील असे मला वाटले होते. एकाने विचारले, “सर, मग ते प्रार्थना कोणाबरोबर म्हणत होते?” त्या मुलाने पत्राचा गाभा ओळखला होता. स्तोत्राची एक ओळ म्हटली की दुसरी म्हणणारा समोर असावा, अशी ज्या माणसाची घडण झालेली, त्याला त्या जागी वर्षानुवर्षे शांतता ऐकावी लागली.

त्याच पत्रात पोपने या समुद्रात दोन लढाऊ गलबते ठेवावीत, म्हणजे इजिप्तच्या सुलतानाचे मोठे नुकसान होईल, अशीही सूचना आहे. इस्लामविषयीची त्यांची भाषा कडवट आहे. धर्मयुद्धांच्या शतकातला हा युरोपीय माणूस होता. त्यांच्याबद्दल आदर बाळगताना ही बाजू झाकू नये असे मला वाटते.

१३२८ च्या सुमारास ते युरोपात परतले. ‘मिराबिलिया डिस्क्रिप्टा’ हा त्यांचा लॅटिन ग्रंथ पूर्वेकडच्या नवलांचे वर्णन करतो. हेन्री यूल यांचे त्याचे इंग्रजी भाषांतर १८६३ साली प्रसिद्ध झाले. खोडालाच लगडणारा आणि एकच फळ पाच जणांना पुरेल असा फणस, आंबा, नारळ, ताडी, गाईबद्दलची श्रद्धा, सती जाण्याची चाल हे सारे त्यात आहे. मृतांना छप्पर नसलेल्या मनोऱ्यात पक्ष्यांसाठी ठेवणाऱ्या अग्निपूजकांचाही उल्लेख आहे, म्हणजे या किनाऱ्यावरच्या पारशांचा. इथले लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायाला पक्के आहेत, असा शेरा ते देतात. ज्या किनाऱ्यावर त्यांचे चार सोबती मारले गेले त्याच किनाऱ्यावरच्या माणसांबद्दल हे लिहिलेले आहे, म्हणून ते वाचताना माझे मन भरून येते.

पोप बाविसावे जॉन यांनी ऑगस्ट १३२९ मध्ये कोल्लमचा धर्मप्रांत स्थापन केला आणि पहिले बिशप म्हणून जॉर्डन यांना नेमले. भारतातील हा पहिला लॅटिन धर्मप्रांत. तेथील ख्रिस्ती समाजाच्या प्रमुखाला द्यायचे पत्रही पोपने त्यांच्याकडे सोपवले.

चौघा सोबत्यांच्या अस्थी तोवर सोपाऱ्यात राहिल्या नव्हत्या. ओडोरिक यांनी त्या उकरून चीनमधील झैतून बंदरात, म्हणजे आजच्या छ्वान्चौ येथील फ्रान्सिस्कन घरात नेल्या. निघताना ठरवलेला चीनचा प्रवास चौघांना असा घडला. थॉमस यांची धन्य म्हणून होणारी उपासना १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी मान्य केली. कोल्लमचा धर्मप्रांत १८८६ मध्ये पुन्हा स्थापन झाला, आणि तेथील बिशपांच्या परंपरेत पहिले नाव जॉर्डन यांचेच घेतले जाते.